हिरोची आई, वय ३५ ते ४०

१९७६ साली 'कभी कभी'मध्ये वहिदा रेहमान अमिताभ बच्चनची बायको होती. १९७८ साली 'त्रिशूल'मध्ये ती त्याची आई झाली. मधे गेली फक्त दोन वर्षं. दोघांच्या वयातलं अंतर होतं तेवढंच राहिलं, साधारण साडेचार वर्षांचं, पण एका सिनेमात ती त्याच्या शेजारी बसलेली आहे आणि दुसऱ्यात त्याला एकटीने वाढवून सुरुवातीलाच मरून जाते.

'कभी कभी'मध्येच राखी त्याची जुनी प्रेयसी आहे. १९८१ मध्ये 'बरसात की एक रात'मध्ये राखी त्याची नायिका आहे आणि पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'शक्ती'त ती त्याची आई. राखी वयाने त्याच्यापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान आहे हे लक्षात घ्या. मग १९९० चा 'अग्निपथ', त्यात आई आहे रोहिणी हट्टंगडी, त्या तर आठ-नऊ वर्षांनी तरी लहान असतील. आणि मग २००७ मध्ये 'चीनी कम' येतो, त्यात तोच माणूस चौसष्ट वर्षांचा आहे आणि पस्तिशीतली तब्बू त्याच्या प्रेमात पडते.

मला इथे अमिताभबद्दल काही म्हणायचं नाहीये. 'चीनी कम' मला आवडतो सुद्धा, निदान त्यात वयातलं अंतर हाच विषय आहे, बाकीचे सिनेमे तर त्याचा उल्लेखही करत नाहीत. अमिताभचं नाव घेतलं कारण त्याची कारकीर्द इतकी लांब आहे की त्याच्या बाजूला उभं राहून बघितलं की सगळा प्रकार एका रांगेत दिसतो, तो जागच्या जागी उभा आहे आणि त्याच्या समोरून बायका पुढे पुढे सरकतायत, आधी प्रेयसी, मग बायको, मग वहिनी, मग आई, आणि त्यातल्या कितीतरी जणी त्याच्याहून लहान. पडद्यावरच्या बाईचं वय तिच्या जन्मतारखेवरून ठरत नाही, समोरच्या पुरुषाला त्या वेळी कोण हवंय त्यावरून ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की मग कुठलाही सिनेमा आधीसारखा बघता येत नाही, मला तरी येत नाही.

'मदर इंडिया' १९५७ चा. नर्गिस आणि सुनील दत्त दोघंही १९२९ च्या जूनमध्ये जन्मलेले, काही दिवसांचा फरक. पडद्यावर ती त्याची आई आणि १९५८ मध्ये प्रत्यक्षात दोघांचं लग्न. आपण ही गोष्ट किस्सा म्हणून सांगतो, शूटिंगच्या वेळी त्याने तिला आगीतून वाचवलं वगैरे, पण अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला अठ्ठावीस वर्षांच्या मुलाची आई करायला कोणाला काही वाटलं नाही हा भाग किश्श्यात येतच नाही. तिथे निदान तिची भूमिका तरुणपणापासून सुरू होते आणि सगळा सिनेमाच तिचा आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा कमी आहे. बाकीच्यांच्या वाट्याला असा सिनेमा आला नाही.

सुलोचनादीदींचं बघा. मराठीत त्या नायिका होत्या, लोक त्यांच्या नावावर सिनेमाला जायचे. १९५९ च्या 'सुजाता'त त्या नूतनला वाढवणारी आई झाल्या, तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि नूतन तेविशीची, म्हणजे मोठ्या बहिणीचं अंतर. आणि १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर त्या देव आनंद आणि प्राण दोघांची आई आहेत. देव आनंद त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि प्राण आठ वर्षांनी. दोन्ही मुलगे आईपेक्षा मोठे, आणि लोकांनी ते मान्य केलं, कारण सुलोचनादीदींनी ते इतकं मनापासून केलं की बघणाऱ्याला ती आईच वाटली. पुढे २००९ मध्ये त्यांना महाराष्ट्र भूषण मिळाला, मोठा मान आहे तो आणि त्यांचाच होता. पण मला नेहमी असं वाटतं की ज्या बाईला एवढं जमत होतं तिला तिसाव्या वर्षानंतर हिंदीने दुसरं काय काय देता आलं असतं, आणि ते कोणाच्या डोक्यात का आलं नाही.

रीमा लागूंचंही तेच. 'मैंने प्यार किया'मध्ये सलमानची आई झाल्या तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई, आणि संजय दत्त त्यांच्याहून फक्त एका वर्षाने लहान. 'वास्तव'मधलं त्यांचं काम मी कधीच विसरणार नाही, शेवटाकडे त्या चेहऱ्यावर जे आहे ते आजही बघवत नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, की अहो पुरुषही म्हातारे होतातच की, अनुपम खेरने अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा असताना 'सारांश'मध्ये म्हातारा केला. खरंय. पण त्या म्हाताऱ्याला नाव होतं, नोकरी करून निवृत्त झालेला माणूस होता तो, त्याला दुःख होतं, राग होता, एक अख्खा सिनेमा त्याच्याभोवती होता, आणि त्या भूमिकेने त्याच्यासाठी दार उघडलं, पुढे त्याने खलनायक केला, विनोदी केलं, सगळं केलं. बाईने तिशीत आई केली की दार उघडत नाही, बंद होतं. एकदा आई झाली की इंडस्ट्रीच्या वहीत तिच्या नावापुढे आईच लिहिलं जातं आणि परत खोडता येत नाही. (आणि 'सारांश'मध्ये त्याची बायको कोण होती, तर रोहिणी हट्टंगडीच. तिनेही तिशीतच म्हातारी केली होती, तितकीच सुंदर. त्या उदाहरणात तिचं नाव कोणी घेत नाही.)

हे फक्त आपल्याकडचं नाही. हॉलिवूडमध्ये 'द ग्रॅज्युएट' १९६७ चा, त्यात ॲन बँक्रॉफ्ट म्हणजे कोवळ्या पोराला नादी लावणारी मोठी बाई, ती खऱ्या आयुष्यात डस्टिन हॉफमनपेक्षा सहाच वर्षांनी मोठी. १९६२ च्या 'मांचुरियन कँडिडेट'मध्ये अँजेला लॅन्सबरी ज्याची आई आहे तो लॉरेन्स हार्वी तिच्याहून फक्त तीन वर्षांनी लहान. सॅली फील्ड आणि टॉम हँक्स १९८८ मध्ये एका सिनेमात असे दिसतात की तो तिच्या प्रेमात आहे, आणि सहा वर्षांनी 'फॉरेस्ट गंप'मध्ये ती त्याची आई. आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर २०१५ मध्ये मॅगी जिलेनहाल या अभिनेत्रीने सांगितलं की पंचावन्न वर्षांच्या माणसाची प्रेयसी म्हणून तिला नाकारलं कारण ती वयाने जास्त होती. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती. ती म्हणाली, आधी वाईट वाटलं, मग राग आला, मग हसू आलं. मला अजून रागाच्या पुढे जाता आलेलं नाही.

माझी एक मैत्रीण आहे, नाव नाही सांगत, नाटकातून आली, मग मालिका, मधे काही सिनेमे. चाळिशीची झाली आता. फोनवर कास्टिंगचे मेसेज येतात ना त्यांच्या ग्रुपवर, ते ती कधीकधी मला वाचून दाखवते. हिरॉईन, वय १८ ते २४. हिरो, वय २५ ते ३५. हिरोची आई, वय ३५ ते ४०. हे एकाच मेसेजमध्ये असतं, एकाखाली एक. मेसेज टाकणाऱ्याने आकडे बघितलेच नसतील असं नाही, बघितले असणार, फक्त ते त्याला विचित्र वाटत नाहीत. हिरो पस्तीसचा आणि आईही पस्तीसची.

ती सांगते की ऑडिशनला गेलं की तिला पहिला प्रश्न पडतो तो हा की या बाईचं नाव काय. कारण बरेचदा पानावर नावच नसतं, 'आई' एवढंच लिहिलेलं असतं. तिने विचारलं की समोरचा पोरगा गोंधळतो, "मॅम, ते अजून ठरलं नाहीये, तुम्ही आई म्हणूनच करा." ती म्हणते, अगं नाव ठरलं नाही म्हणजे बाकीचं काय ठरलं असणार, ही बाई नोकरी करते का, हिचं नवऱ्याशी पटतं का, हिला झोप लागते का रात्री, काहीच ठरलेलं नसतं, ठरलेलं असतं ते फक्त ती कोणाची आई आहे ते आणि ती कुठल्या सीनला रडणार आहे ते.

मालिकांमध्ये तर लीप नावाचा प्रकार असतो. टीआरपी घसरला की गोष्ट वीस वर्षं पुढे न्यायची, नवी तरुण जोडी आणायची, आणि जी काल नायिका होती तिच्या केसांना कानाजवळ दोन पांढऱ्या बटा लावायच्या की झाली सासू. काही जणी त्या क्षणी मालिका सोडतात, कारण त्यांना माहीत असतं की एकदा त्या बटा लागल्या की पुढच्या प्रत्येक फोनवर आईचाच रोल येणार. आणि ज्या सोडू शकत नाहीत त्या राहतात, घराचे हप्ते असतात, मुलांची शाळा असते, महिन्याचे पंचवीस दिवस काम देणारी दुसरी जागा कुठे आहे. तिच्याबरोबरच्या नायकालाही बटा लागतात, ते खरं, पण तो पुढच्या मालिकेत त्या काढून परत नायक होऊन येतो.

मी खूप दिवस विचार करत होते की हे नक्की कशामुळे. लोकांना वयस्कर बाई बघवत नाही म्हणून, हे निर्मात्यांचं ठरलेलं उत्तर. पण मग मला आपल्याकडचीच दोन उदाहरणं आठवतात आणि ते उत्तर टिकत नाही.

एक म्हणजे पार्श्वगायन. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मध्ये एकवीस वर्षांच्या काजोलसाठी लताबाई गायल्या, तेव्हा त्यांचं वय पासष्टच्या पुढे. त्याच वर्षी 'रंगीला'त एकवीस वर्षांच्या ऊर्मिला मातोंडकरसाठी आशाताई गायल्या, वय साठीच्या पुढे. आणि काय गायल्या! त्या आवाजात जी मस्ती आहे, जो खोडकरपणा आहे, तो साठी ओलांडलेल्या बाईचा आहे, आणि सगळ्या देशाला तो तरुण वाटला. म्हणजे तारुण्य त्या बाईमध्ये होतं, कला म्हणून होतं, तिने ते साठीत सुद्धा काढून दाखवलं. फक्त ती दिसत नव्हती म्हणून तिला ते करू दिलं गेलं.

दुसरं उदाहरण बालगंधर्व. १८८८ चा जन्म. १९३१ मध्ये 'कान्होपात्रा' हे नाटक आलं तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि कान्होपात्रेची भूमिका त्यांचीच होती. त्रेचाळीस वर्षांच्या पुरुषाने तरुण मुलगी रंगवली आणि लोकांनी डोक्यावर घेतलं, आपली आजी-पणजी त्यांच्या साडीची, दागिन्यांची, केसांतल्या फुलांची नक्कल करायची. मला बालगंधर्वांबद्दल अपार आदर आहे, तो आवाज रेकॉर्डवर ऐकला तरी अंगावर काटा येतो. पण मग विचार येतोच, की बाईचं तारुण्य रंगवायला त्रेचाळीस वर्षांचा पुरुष चालला, तर त्रेचाळीस वर्षांची बाई का चालत नाही. प्रेक्षकाकडे कल्पनाशक्ती नाही असं म्हणूच नका, आपल्या प्रेक्षकाइतकी कल्पनाशक्ती कोणाकडे नसेल. त्याला सांगितलं की ही कान्होपात्रा तर तो मानतो, त्याला सांगितलं की सुलोचना प्राणची आई तर तेही मानतो. आपण सगळंच मानलं. मग आपल्याला कधी हे का नाही सांगून बघितलं की ही पंचेचाळीस वर्षांची बाई आहे आणि ही गोष्ट तिची आहे.

पैशाचं गणितही बघण्यासारखं आहे. २०१४ मध्ये हॉलिवूडच्या नटनट्यांच्या मानधनाचा एक अभ्यास आला होता, चार दशकांच्या सिनेमांचे आकडे घेऊन केलेला. त्यात असं निघालं की नटीची कमाई सरासरी चौतिसाव्या वर्षापर्यंत वाढते आणि मग झपाट्याने खाली येते. नटाची एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत वाढते आणि नंतरही फारशी घसरत नाही. चौतीस आणि एक्कावन्न, सतरा वर्षांचा फरक, म्हणजे एक अख्खी कारकीर्द. २०१६ मध्ये दोन अभ्यासकांनी मिळून सुमारे दोन हजार हॉलिवूड पटकथांमधले संवाद मोजले, कोणत्या वयाच्या पात्राला किती शब्द बोलायला मिळतात ते. बेचाळीस ते पासष्ट या वयात पुरुषांच्या वाट्याला त्यांच्या एकूण संवादांपैकी ३९ टक्के येतात, बायकांच्या वाट्याला त्यांच्या संवादांपैकी २० टक्के. म्हणजे पुरुष ज्या वयात सगळ्यात जास्त बोलतो त्याच वयात बाई गप्प होते.

मला यातली सगळ्यात क्रूर गोष्ट ही वाटते की अभिनय ही कला मुळात उशिरा पिकते. विशीत चेहरा असतो, उत्साह असतो, पण आयुष्य फारसं बघितलेलं नसतं. माणसं गमावलेली नसतात, पडून परत उठलेली नसते. चाळिशीत हात बसतो, आवाज बसतो, शांत कसं उभं राहायचं ते कळतं, आणि नेमकं तेव्हाच तिला सांगितलं जातं की तू मागे उभी राहा, ताट घेऊन. गवयाला पन्नाशीत आपण म्हणतो की आता कुठे गाणं मुरलं. नटीला आपण मुरूच देत नाही.

कायदा याबाबत काय करतो, तर फार काही नाही. अमेरिकेत वयावरून भेदभाव करू नये असा कायदा १९६७ पासून आहे, पण तो लागू होतो चाळीस वर्षं पूर्ण झाल्यावर. बाकी नोकऱ्यांमध्ये ते ठीक असेल, पण इथे तर चाळीसच्या आधीच बाईला संपवलेलं असतं. एका अभिनेत्रीने, जूनी होआंग तिचं नाव, २०११ मध्ये एका मोठ्या सिनेमा-माहितीच्या वेबसाइटवर खटला भरला होता, की माझं खरं वय छापल्यामुळे माझी कामं गेली. २०१३ मध्ये ती हरली. पुढे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की कलाकाराने सांगितलं तर वय काढून टाकावं लागेल, तर तो कोर्टात टिकला नाही, खरी माहिती छापण्यावर बंदी घालता येत नाही म्हणून. कोर्टाचं म्हणणं मला समजतं. आणि तसंही वय लपवणं हा उपाय नव्हेच, लपवायला लागतंय हाच रोग आहे. पण त्या बाईला कोर्टात जावंसं वाटलं यावरून कळतं की आकडा कळण्याने किती नुकसान होतं.

ब्रिटनमध्ये मिरियम ओ'रायली या निवेदिकेने बीबीसीविरुद्धची केस २०११ मध्ये जिंकली, त्या पन्नाशीत होत्या. त्यांचा कार्यक्रम चांगल्या वेळेला हलवला आणि चाळिशी-पन्नाशीच्या चार निवेदिकांना काढलं, आणि साठी ओलांडलेला पुरुष निवेदक मात्र राहिला. हाय डेफिनेशन कॅमेरे येतायत तेव्हा सुरकुत्यांची काळजी घे, असंही त्यांना सांगितलं गेलं होतं. आता यात कॅमेऱ्याचा काय दोष, कॅमेऱ्याला पुरुषाच्या सुरकुत्याही तेवढ्याच स्पष्ट दिसतात. त्या सुरकुत्यांना आपण अनुभव म्हणतो. कॅनडात लिसा लाफ्लॅम या वृत्तनिवेदिकेने केस रंगवणं सोडून दिलं होतं, २०२२ मध्ये चॅनलने तिला काढलं तेव्हा ती अठ्ठावन्नची होती. तिच्या आधी त्याच खुर्चीवर बसणारा पुरुष सत्त्याहत्तराव्या वर्षी निवृत्त झाला होता. चॅनल म्हणालं की केसांचा काही संबंध नाही. प्रेक्षकांचा त्यावर विश्वास बसला नाही, माझाही नाही.

आणि आपण, बघणारे? आपण काही फार वेगळे नाही. एखाद्या नव्वदच्या दशकातल्या नायिकेचा आजचा फोटो आला की खाली बघा काय लिहिलेलं असतं. 'काय होती आणि काय झाली', 'वय दिसायला लागलं'. आणि तिने चेहऱ्यावर काही करून घेतलं असेल तर 'प्लास्टिक', 'शोभत नाही या वयात'. म्हणजे वय दिसलं तरी बोलणी आणि लपवलं तरी बोलणी, तिने करायचं काय मग. मला वाटतं म्हणूनच आपल्याला त्या नट्यांबद्दल एवढं कौतुक असतं ज्या दिसेनाशा झाल्या. ग्रेटा गार्बोने १९४१ नंतर सिनेमा केला नाही, तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. सुचित्रा सेन १९७८ नंतर २०१४ मध्ये जाईपर्यंत लोकांसमोर जवळजवळ आल्याच नाहीत. त्यांची कारणं त्यांची, त्यांच्या निर्णयाचा आदर आहे. पण आपण त्याला 'गूढ', 'तिने आपली प्रतिमा जपली' असं जे म्हणतो त्यात मला काहीतरी खुपतं. जणू म्हातारं होऊन आपल्यासमोर न येणं हा तिने आपल्यावर केलेला उपकारच आहे.

याच्या बरोबर उलट दोन बायका आहेत आणि त्यांचा विचार मी फार वेळा करते. १९६२ मध्ये बेट डेव्हिसने, जिच्याकडे तेव्हा दोन ऑस्कर होते, सिनेधंद्याच्या पेपरात नोकरी हवीये अशी जाहिरात दिली. तीन मुलांची आई, घटस्फोटित, तीस वर्षांचा सिनेमाचा अनुभव, हॉलिवूडमध्ये कायमचं काम हवंय. ती तेव्हा चोपन्न वर्षांची होती. काहींनी ती गंमत म्हणून घेतली, पण त्या जाहिरातीत टोचणारं काहीतरी होतंच. आणि त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, २०१७ मध्ये, नीना गुप्तांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं की मी मुंबईत राहते, काम करते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधतेय. बस एवढंच. दोन देश, मधे पाच दशकं, एकीने पेपरात दिलं आणि दुसरीने फोनवरून, पण वाक्य एकच, मला काम येतं, मला काम द्या. मला त्यात लाचारी कुठेच दिसत नाही. ज्याने त्याने ओळखीने, पार्ट्यांमधून, को-ऑर्डिनेटरकडून जे गुपचूप मागायचं ते या दोघींनी सगळ्यांसमोर सरळ मागितलं.

नीना गुप्तांना पुढच्याच वर्षी 'बधाई हो' मिळाला. मोठी मुलं असलेली बाई गरोदर राहते, आणि सगळ्या घराला पहिल्यांदा कळतं की आईलाही शरीर असतं. तो सिनेमा धो धो चालला. मग इतकी वर्षं लोकांना हे बघायचं नव्हतं असं कोण म्हणत होतं?

तब्बूचंही मी याच कारणाने कौतुक करते. 'हैदर'मध्ये ती शाहिद कपूरची आई आहे आणि दोघांमध्ये साधारण दहा वर्षांचं अंतर आहे, म्हणजे पुन्हा तेच गणित. पण ती आई माणूस आहे, तिला स्वतःची भूक आहे, तिच्या चुका आहेत, ती मुलावर प्रेम करते आणि त्याला फसवतेही. ती भूमिका बघताना माझ्या डोक्यात वयाचा हिशोब येतच नाही. त्यामुळे माझी तक्रार आईच्या रोलबद्दल नाहीच. तक्रार ही की आई झाली की गोष्टीतून तिचं 'तिला काय हवंय' हे काढून घेतात.

शेफाली शहांचं तर फारच बोलकं आहे. २००५ मध्ये 'वक्त'मध्ये त्या अक्षय कुमारची आई होत्या. त्या तिशीच्या सुरुवातीला आणि तो सदतिशीचा. मग कितीतरी वर्षं आपल्याला त्या हव्या तेवढ्या दिसल्याच नाहीत. २०१९ मध्ये 'दिल्ली क्राइम' आली, त्यात त्या पोलीस अधिकारी आहेत, थकलेल्या, संतापलेल्या, झोप न झालेल्या, आणि सगळी मालिका त्यांच्या डोळ्यांवर चालते. २०२० मध्ये त्या मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. मधली चौदा वर्षं कुठे गेली? ती बाई तीच होती, डोळे तेच होते. त्या काळात त्यांनी जे करायचं राहून गेलं ते आता कोणीच कधीच बघू शकणार नाही, आणि हे नुकसान फक्त त्यांचं नाही, माझंही आहे, मी तेव्हा तिशीत होते आणि मला पडद्यावर माझ्यासारखी बाई हवी होती.

ओटीटी आल्यामुळे बरंच बदललं हे मान्य. पण मला एका गोष्टीची भीती वाटते, की यातलं प्रत्येक यश अपवाद म्हणून साजरं होतं. 'कमबॅक', 'दुसरी इनिंग', 'या वयातही'. ते 'ही' फार दुखतं. २०२३ मध्ये मिशेल योने साठाव्या वर्षी ऑस्कर घेताना सांगितलं की बायांनो, तुमचे दिवस सरले असं कोणालाही म्हणू देऊ नका, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. २०२५ च्या सुरुवातीला डेमी मूर बासष्टाव्या वर्षी गोल्डन ग्लोब घेताना म्हणाली की तीस वर्षांपूर्वी एका निर्मात्याने मला पॉपकॉर्न अभिनेत्री म्हटलं होतं आणि मी ते खरं मानलं. तिला ते बक्षीस ज्या सिनेमासाठी मिळालं त्याची गोष्टच ही होती की वय झालेल्या नटीला चॅनल काढून टाकतं. म्हणजे पन्नाशी-साठीतल्या बाईला मोठा रोल मिळाला तोही वय झाल्याबद्दलचाच. मला अशीही बाई बघायची आहे जिचं वय पन्नास आहे आणि गोष्टीचा विषय वय नाही. तिला घर विकायचंय, तिचा धंदा बुडतोय, तिने कोणाचा तरी खून केलाय, ती परक्या गावात निवडणूक लढवतेय, तिचं तिच्या बहिणीशी वीस वर्षांचं भांडण आहे. पुरुषाला पन्नाशीत या सगळ्या गोष्टी मिळतात, त्याला कोणी विचारत नाही की या वयात कसं वाटतंय. उलट २०१९ मध्ये 'द आयरिशमॅन'साठी शहात्तर वर्षांच्या रॉबर्ट डी नीरोला कॉम्प्युटरवर तरुण केलं, म्हणजे तंत्रज्ञान सुद्धा पुरुषाची वर्षं वाढवून द्यायला आधी धावलं.

लिहिणाऱ्यांचं वयही बघायला पाहिजे. चाळिशीतल्या बाईचं मन लिहायला त्या खोलीत चाळिशीतली बाई तरी बसलेली असावी. मेरिल स्ट्रीपने, जिला चाळिशीला पोचल्यावर एकाच वर्षात तीन चेटकिणींचे रोल आले होते, २०१५ मध्ये चाळिशीच्या पुढच्या पटकथा-लेखिकांसाठीच्या कार्यशाळेला पैसे दिले. नट्यांसाठी नाही, लेखिकांसाठी. तिला बरोबर कळलं होतं की ही गोष्ट कॅमेऱ्यासमोर येण्याच्या खूप आधी ठरते, पानावर, जिथे 'आई' एवढंच लिहिलेलं असतं तिथे.

२०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा मराठीत सहा बहिणींची गोष्ट, त्यात रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, बऱ्याच जणी पन्नाशीच्या पुढच्या, हिरो वगैरे काही नाही, आणि तो मराठीतल्या सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्या सिनेमांमध्ये जाऊन बसला. बायका ग्रुपने गेल्या, नटून गेल्या, परत परत गेल्या. सिनेमात काही गोष्टी मला जरा सोप्या केल्यासारख्या वाटल्या, ते असो. पण अमिताभच्या आईच्या वेशात मी ज्या रोहिणीताईंना लहानपणी बघितलं होतं, त्यांना इथे स्वतःचं नाव होतं, भांडण होतं, बहिणी होत्या, आणि कोणाच्या तरी मुलासाठी त्या पडद्यावर आलेल्या नव्हत्या.

माझ्या मैत्रिणीला मी परवा विचारलं, तुला नेमकं काय करायचंय. ती म्हणाली, मला प्रेमात पडायचंय पडद्यावर, एकदा तरी, माझ्या वयाच्या माणसाच्या, आणि त्याने मला सोडलं तर मला चिडायचंय, आणि हे सगळं करताना माझा मुलगा त्या सिनेमात नसला तरी चालेल. मग ती म्हणाली की तिने स्वतःच एक पान लिहायला घेतलंय. बाईचं नाव ठरवलंय, नोकरी ठरवलीये, बाकी अजून ठरायचंय.